जुन्या खुर्चीला घरच्या घरी नवं कापड कसं चढवायचं

खुर्चीचं कापड फाटलं की बरेच जण जुन्यावरच नवं ओढतात, खालून पिना मारतात आणि झालं काम म्हणतात, तर कृपा करून असं करू नका. खालचा फोम चुरा झालेला असतो, पट्टे लोंबलेले असतात, त्यावर कितीही भारी कापड टाकलं तरी थोड्याच दिवसांत मध्ये खड्डा पडतो आणि कापड सैल होऊन सुरकुत्या येतात. वर एकावर एक थर चढले की सीट जाड होते आणि चौकटीच्या खाचेत परत बसतच नाही, जोर लावून बसवली तर चौकटीचे सांधे उघडतात. बसायला खुर्ची कशी लागणार हे कापडाच्या खाली ठरतं, कापड फक्त वरून दिसतं. म्हणून सगळं उतरवायचं, लाकडापर्यंत जायचं आणि मग एकेक थर नव्याने चढवायचा. वेळ लागतो पण अवघड काहीच नाहीये, शिवणाची मशीनसुद्धा लागत नाही बहुतेक खुर्च्यांना.

सगळ्यात आधी खुर्ची उलटी करून बघा. सीटच्या चार कोपऱ्यांत खालून चार स्क्रू दिसले तर सुरुवातीला यापेक्षा सोपी खुर्ची नाही, स्क्रू काढले की सीट हातात. काही खुर्च्यांना स्क्रू नसतातच, सीट नुसती खाचेत बसवलेली असते, ती खालून अंगठ्याने वर ढकलली की निघते. ज्यांचं सगळं अंगच मढवलेलं आहे, हात, पाठ, बाजू सगळं, किंवा ज्यात गोल स्प्रिंगा दोरीने बांधलेल्या आहेत, अशा खुर्चीला पहिल्याच वेळी हात घालू नका असं माझं स्पष्ट मत आहे. आधी साधी सीट करा, हाताला कापडाचा ताण कळू दे, मग पुढचं.

आता सांगाडा. खुर्ची सपाट फरशीवर ठेवून पाठ धरून हलवा, कुरकुर होते का, पाय डुगडुगतो का बघा. सांधा ढिला असेल तर त्यात खिळा मारायचा मोह होतो, तो मारू नका, आतलं लाकूड चिरतं आणि मग दुरुस्तच होत नाही. सांधा पूर्ण सोडवा, जुना वाळलेला गोंद खरवडून काढा (नवा गोंद जुन्या गोंदाला धरत नाही, त्याला कोरं लाकूड लागतं), लाकडाचा चांगला गोंद लावून क्लॅम्पने किंवा दोरी पिळून घट्ट आवळा आणि पूर्ण 24 तास तसंच राहू द्या. लाकडाला बारीक बारीक भोकं असतील आणि खाली ताजी पिवळसर भुकटी पडत असेल तर आत किडा जिवंत आहे, आधी त्याचा बंदोबस्त, मग बाकी सगळं. कुठून तरी जुनी खुर्ची आणली असेल तर शिवणीच्या खाचांमध्ये ढेकूण आहेत का तेही उजेडात नीट बघा आणि ते बघितल्याशिवाय घरात घेऊच नका. पॉलिश किंवा रंग करायचा असेल तर तो आत्ताच, सीट काढलेली असताना, नंतर नव्या कापडावर डाग पडला तर जाणार नाही. फार जुना रंग असेल तर कोरडा घासू नका कारण त्यात शिसं असू शकतं.

हत्यारं फार लागत नाहीत. स्टेपल गन, चपटा स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, हातोडी, चांगली धारदार कात्री, मेजरिंग टेप, खडू, आणि डोळ्यांना चष्मा. चष्मा मी उगाच लिहीत नाहीये, जुनी पिन उचकटताना ती अचानक उडते आणि सरळ तोंडाकडे येते. जुना फोम काढताना तोंडाला मास्क किंवा फडकं बांधा, तो फोम भुकटी होऊन हवेत उडतो. स्टेपल गन हाताची चालते पण लाकूड कडक असेल तर चारपाच खुर्च्या होईपर्यंत मनगट दुखायला लागतं, विजेवरची मिळत असेल तर ती घ्या. पिना 8 किंवा 10 मिलिमीटरच्या घ्या, सीटची फळी पातळ असेल तर 6 च्या, नाहीतर पिन आरपार जाऊन वर टोचते.

उतरवण्याच्या कामाला लोक सगळ्यात कमी वेळ देतात आणि माझ्या मते खरं शिकायला मिळतं ते इथेच. प्रत्येक टप्प्याला फोटो काढा. खालचं काळं कापड आधी, मग बाहेरचं, मग आतलं, जे सगळ्यात शेवटी लावलं होतं ते सगळ्यात आधी निघतं आणि परत लावताना बरोबर उलट्या क्रमाने जायचं. कापड फाडून ओढू नका, पिना एकेक काढा, कारण ते जुनं फाटकं कापडच तुमचा नमुना आहे. काढलेल्या प्रत्येक तुकड्यावर लगेच पेनाने लिहा, पुढचा, मागचा, डावा, उजवा, आणि वरच्या दिशेला बाण काढा. काढताना वाटतं की लक्षात राहील, पण सगळे तुकडे जमिनीवर पडले की एकसारखेच दिसतात. जुन्या कापडाला कुठे चुणी घातली होती, कुठे चीर दिली होती, कोपरा कसा दुमडला होता हे बघून ठेवा, आधीच्या कारागिराने काय विचार केला होता ते सगळं तिथे दिसतं.

पिन काढायची पद्धत अशी की स्क्रू ड्रायव्हरचं टोक पिनेच्या मधोमध खाली तिरकं घुसवायचं, मूठ थोडी डावीउजवीकडे हलवायची, पिन एका बाजूने वर आली की पक्कडीने धरून गोल फिरवत काढायची. सरळ वर ओढली तर एक पाय आत तुटून राहतो. तुटलाच तर हातोडीने आत ठोकून टाका, खणून काढायच्या नादात लाकूड खराब करू नका. पिनांऐवजी जुन्या बारीक चुका, म्हणजे छोटे खिळे, असतील तर स्क्रू ड्रायव्हर लाकडाच्या रेषांच्या दिशेने धरूनच उचकटा, आडवा जोर दिला की लाकडाचा कपचा निघतो. सगळं झाल्यावर चौकटीवरून हात फिरवून बघा, एकही टोक वर राहिलेलं नको.

मग खालचा आधार. साध्या खुर्चीत प्लायवूडची फळी असते, ती वाकलेली किंवा भिजून फुगलेली असेल तर तिलाच नमुना धरून नवी कापून घ्या आणि कडा पॉलिश पेपरने गोल करा, नाहीतर धारदार कड कापड आतून कापत राहते. फळीऐवजी नुसती चौकट आणि त्यावर नवार विणलेली असेल तर नवार बहुतेक लोंबलेलीच असणार, ती बदलाच. साधारण 2 इंच रुंदीचे पट्टे, आधी सगळे उभे, मग आडवे एक वर एक खाली असे विणत न्यायचे. पट्ट्याचं टोक एक इंच दुमडून मागच्या बाजूला ठोकायचं, मग पुढे आणून चांगलं ताणून ठोकायचं, आणि मगच कापायचं, आधी मापाने कापून ठेवलात तर ताणायला हातात काही धरायला उरत नाही. ताणायला एखादा लाकडी ठोकळा घ्या, पट्टा त्याला गुंडाळा आणि चौकटीच्या कडेवर टेकवून खाली दाबा, नुसत्या हाताने तेवढा ताण येत नाही. पिना किंवा चुका एका सरळ ओळीत न मारता नागमोडी मारा, एका रेषेत मारल्या की लाकूड त्या रेषेत चिरतं. ताणलेल्या पट्ट्यावर टिचकी मारली की टणक आवाज आला पाहिजे. सगळं झालं की वर गोणपाट ताणून बसवा, म्हणजे फोम पट्ट्यांच्या फटींतून खाली उतरणार नाही.

फार जुन्या खुर्चीत फोमऐवजी काथ्या, कापूस किंवा घोड्याचे केस भरलेले सापडतात. ते फेकू नका. ऊन दाखवून, झटकून, हाताने पिंजून मोकळं केलं की परत वापरता येतं आणि त्याची बैठक फोमपेक्षा जास्त टिकते, फक्त वरून एक पातळ कापसाचा थर द्या म्हणजे टोचणार नाही.

फोमबद्दल दोन गोष्टी वेगवेगळ्या असतात आणि दुकानात त्यांची गल्लत होते. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन किती किलो, आणि कडकपणा म्हणजे तो दाबायला किती जोर लागतो. डेन्सिटी जास्त म्हणजे टिकाऊ, कडक असेलच असं नाही. कमी डेन्सिटीचा कडक फोम दुकानात दाबून छान वाटतो आणि वर्षभरात बसतो. रोज बसायच्या सीटला 32 च्या खाली जाऊ नका, 40 मिळाला तर उत्तम. फळीवर बसवायचा असेल तर 2 इंच जाड, नवारीवर असेल तर दीड इंचसुद्धा पुरतो कारण नवार स्वतः थोडी दबते. फळी फोमवर उलटी ठेवून भोवती रेघ मारा आणि रेघेच्या थोडं बाहेरून, म्हणजे साधारण 5 मिलिमीटर जास्त ठेवून कापा. कापड ओढलं की तो जास्तीचा भाग आत दाबला जातो आणि कड भरीव दिसते. कात्रीने जाड फोम वाकडातिकडा कापला जातो, लांब पात्याची दातेरी सुरी घ्या आणि न दाबता नुसती पुढेमागे चालवा. फोम फळीला स्प्रेच्या गोंदाने चिकटवा, खिडक्या उघड्या ठेवून. त्यावर पॉलिस्टरच्या कापसाची एक शीट, कडांवरून खाली उतरेल एवढी. ही शीट लोक टाळतात आणि मला ते अजिबात पटत नाही, फोमची कोरी कड कापडातून दिसते, तिच्यामुळे झाकली जाते, आणि कापड फोमवर थेट घासत नाही म्हणून टिकतंही जास्त.

कापड कुठलं घ्यायचं? ड्रेसचं, चादरीचं कापड नको, ते सीटवर टिकत नाही. सोफ्याच्या कापडावर घासण्याच्या चाचणीचा आकडा लिहिलेला असतो, मार्टिनडेल म्हणतात त्याला, म्हणजे किती वेळा घासल्यावर कापड झिजायला लागलं. रोजच्या वापराला 20,000 किंवा त्याच्या वर बघा. पहिल्यांदा करत असाल तर मध्यम जाडीचं, एकरंगी किंवा लहान विखुरलेल्या नक्षीचं घ्या. रेघा आणि चौकडी सगळ्यात वाईट, अर्धा सेंटिमीटर जरी तिरकं गेलं तरी समोरून लगेच दिसतं. मखमलीला लव असते, हात फिरवला की एका बाजूला गुळगुळीत आणि उलट्या बाजूला खरखरीत लागतं, ती गुळगुळीत दिशा सीटवर मागून पुढे आणि पाठीवर वरून खाली यायला हवी, आणि सगळ्या खुर्च्यांना एकच, नाहीतर एकाच कापडाच्या दोन खुर्च्या दोन रंगांच्या दिसतात. सुती कापड पुढे धुवायचा विचार असेल तर आधीच एकदा धुऊन, इस्त्री करून घ्या, म्हणजे काय आटायचं ते आधी आटेल.

माप काढायचं गणित सोपं आहे. समजा सीट 18 इंच बाय 18 इंच. दोन्ही बाजूंना फोमची जाडी 2-2 इंच, झाले 22. खाली वळवायला दोन्ही बाजूंना 2-2 इंच, झाले 26. म्हणजे एका सीटला 26 बाय 26 चा चौकोन. सोफ्याचं कापड बहुतेक 54 इंच पन्ह्याचं येतं, त्यात आडवे दोन चौकोन बसतात, 52 इंच. मग चार खुर्च्यांना लांबीत दोन ओळी, परत 52 इंच, म्हणजे साधारण दीड मीटर. पण मोठं फूल किंवा चित्र प्रत्येक सीटच्या बरोबर मध्ये आणायचं असेल तर हे गणित कोलमडतं, नक्षी किती अंतराने परत येते ते मोजून त्याप्रमाणे जास्त घ्यावं लागतं, कधीकधी जवळजवळ दुप्पट. कापायच्या आधी सगळे चौकोन खडूने कापडावर आखून बघा. आणि फळीच्या मागेपुढे आणि कापडाच्या मागेपुढे मध्यावर छोटी खूण करा, ती पुढे फार उपयोगी पडते.

आता कापड चढवणं. कापड उलटं टेबलावर, त्यावर कापसाची शीट, त्यावर फोम लावलेली फळी उलटी, मधल्या खुणा जुळवून. पहिली पिन मागच्या बाजूला बरोबर मध्ये. मग पुढची बाजू ओढून पुढे मध्ये एक. मग डावीकडे मध्ये, उजवीकडे मध्ये. या चार पिना झाल्या की थांबायचं, सीट सुलटी करून बघायचं, नक्षी मध्ये आहे का, धागे कडेला समांतर आहेत का. तिरकं असेल तर आत्ताच काढा, चार पिना काढायला काही लागत नाही. बरोबर असेल तर प्रत्येक बाजूला मध्यापासून कोपऱ्याकडे जायचं, थोडं या बाजूला की थोडं समोरच्या बाजूला, एक बाजू पूर्ण करून दुसरीकडे गेलात की सगळं कापड एकीकडे सरकतं. कोपऱ्याच्या 2 इंच अलीकडे थांबा, कोपरे सगळ्यात शेवटी.

किती ताणायचं, खरी मेख इथेच आहे. नव्या माणसाला वाटतं जितकं घट्ट तितकं चांगलं, आणि तो प्रत्येक पिनेला जीव खाऊन ओढतो, मग कडेला प्रत्येक पिनेपाशी कापड आत खेचलेलं दिसतं आणि मध्ये लाटा. त्याऐवजी एका हाताचा तळवा सीटच्या मध्यापासून कडेकडे सपाट फिरवत न्या, त्याने जेवढी ढिलाई कडेला येते तेवढीच दुसऱ्या हाताने धरून पिन मारा. फोमची कड किंचित दबली पाहिजे, चेपली नाही पाहिजे. तपासायचं असेल तर सुलट्या बाजूने चिमटीत कापड धरून बघा, वर उचलून घडी पडत असेल तर सैल आहे, धागे विरळ होऊन मधून उजेड दिसत असेल तर जास्त झालं. कापडाची कड बोटांनी पूर्ण रुंदीत धरा, एका टोकाला चिमटा काढून ओढू नका. पिना कडेला समांतर, आधी साधारण दोन इंचांवर, सगळं पसंत पडलं की मधल्या जागा भरा. वर राहिलेली पिन हातोडीने ठोकून बसवा.

कोपऱ्यात कापडाचं टोक तिरकं सीटच्या मध्याकडे ओढा आणि एक पिन मारा. दोन्ही बाजूंना जे जास्तीचं कापड राहतं त्याच्या पिनेखालचा जाड भाग कापून टाका, म्हणजे गोळा होत नाही, पण कडेपर्यंत कापू नका, अर्धा इंच अलीकडे थांबा. मग एकेक बाजू दुमडून सपाट चुणी घाला. चुणीची घडी खुर्चीच्या बाजूला यावी, समोरून दिसू नये. कोपरा गोल असेल तर एका मोठ्या चुणीऐवजी पाचसहा बारीक चुण्या, सगळ्या सारख्या अंतराने, आणि त्यांची टोकं फळीच्या खालीच राहतील अशा. घाई करू नका, चारही कोपरे एकसारखे येईपर्यंत पिना काढा, परत मारा. खुर्चीकडे बघताना नजर आधी पुढच्या दोन कोपऱ्यांवर जाते, म्हणून मागचे दोन आधी करा, हात बसतो, मग पुढचे.

सीटमधून पाठीचा दांडा किंवा हाताचा खांब वर येत असेल तर तिथे कापडाला चीर द्यावी लागते, आणि तिथे भल्याभल्यांचा हात थरथरतो. कापड खांबापाशी मागे दुमडा, कडेपासून खांबाच्या मध्याकडे सरळ कापत या, खांबाच्या अर्धा इंच अलीकडे थांबा आणि शेवटी इंग्रजी वाय अक्षरासारखे दोन छोटे फाटे द्या, खांबाच्या दोन कोपऱ्यांकडे. मधला त्रिकोण आत दुमडायचा, बाजूच्या दोन्ही कडा खांबाला लागून खाली जातात. कमी कापलेलं परत कापता येतं, म्हणून थोडं थोडं कापत प्रत्येक वेळी बसवून बघा.

पाठ मढवलेली असेल तर पद्धत तीच, आधी आतली बाजू, मग बाहेरची. बाहेरच्या बाजूच्या पिना दिसतात म्हणून वरची कड उलटी लावायची: कापड उलटं करून पाठीच्या वर टाकायचं, कडेवर पुठ्ठ्याची अरुंद पट्टी ठेवून त्यातून पिना मारायच्या आणि मग कापड खाली सुलटं पाडायचं, वरची कड सरळसोट येते. बाकीच्या कडा दुमडून लेसने झाका किंवा शोभेचे पितळी खिळे मारा. खिळे मारायचे तर आधी पेन्सिलने सारख्या अंतरावर खुणा आणि दाभणाने छोटं भोक, नाहीतर खिळा मारताना तिरका होतो, आणि हातोडीला कापड गुंडाळा म्हणजे डोकं चेपणार नाही. पायपिंग, म्हणजे कडेला दोरी घालून शिवलेली गोल किनार, हवी असेल तर तिची पट्टी उरेब कापा, म्हणजे 45 अंशात तिरकी, सरळ कापलेली पट्टी वळणावर चुरगळते.

शेवटी खालचं काळं कापड. कडा आत दुमडून पिना मारा, त्याने धूळ आणि फोमची भुकटी खाली पडत नाही आणि कच्ची बाजू झाकली जाते. सीट परत बसवायच्या आधी स्क्रूची भोकं कापडातून दाभणाने शोधून टोचून ठेवा, स्क्रू सरळ कापडातून फिरवला की धागे त्याला गुंडाळले जातात आणि वरचं कापडही ओढलं जातं. खाचेत बसणारी सीट असेल तर चारही बाजूंना कापडाची जाडी मावते का ते बघा, अडत असेल तर जोर करू नका, सीट काढून फळीची कड थोडी घासून घ्या. उरलेल्या कापडाचा हातभर तुकडा सीटच्या खाली, काळ्या कापडाच्या आत पिनेने लावून ठेवा, पुढे कधी डाग पडला किंवा उसवलं तर त्याच कापडाचं ठिगळ मिळतं. आणि आठवडाभर बसून झालं की खालचे स्क्रू एकदा परत आवळा, नवा फोम दबला की ते थोडे ढिले होतातच.